निरीक्षकांचं कुलूप

गुडघा दुखतोय ही गोष्ट निरीक्षकांनी फक्त बाईंना सांगितली होती, आणि तीसुद्धा स्वयंपाकघरात, नळ चालू असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर समोर गुडघ्याचा पट्टा. पट्ट्याखाली गुडघ्याचं तेल. तेलाखाली पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होते आणि वर पोचून आपल्याकडे बघून हसत होते. निरीक्षकांनी फोन टेबलावर पालथा घातला. मग पाठीलाही कॅमेरा असतो हे आठवून तो उचलला आणि साखरेच्या बरणीमागे ठेवून दिला.

हे निरीक्षक म्हणजे कोणी पोलीस-बिलीस नव्हते. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. पण इमारतीत अजून सगळे त्यांना निरीक्षकच म्हणत, आणि ते पिशवी घेऊन बाजारात शिरले की दुकानदार आपोआप काटा पुसायला घेत. जगाच्या मापांवर नजर ठेवण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाचंच माप कोणीतरी न विचारता घेतंय म्हटल्यावर त्याला काय वाटेल? ते चार दिवस धुमसत होते. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "यापुढे या घरातली गोष्ट घराबाहेर जाणार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "गुडघा शेकलात का?"

बाई म्हणजे त्यांची बायको. अठ्ठावीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला, त्यामुळे अर्धं गाव त्यांना बाई म्हणे, आणि ते ऐकून ऐकून निरीक्षकही मनातल्या मनात बाईच म्हणत. क्लास बंद झाला तेव्हा बाईंनी आठवण म्हणून एक कीबोर्ड घरी आणला. इंग्रजी अक्षरांचाच, पण बटणांच्या कोपऱ्यात मराठी अक्षरांचे छोटे स्टिकर चिकटवलेले. अर्थात बाईंना त्यांचा उपयोग नव्हता. बाई टाइप करताना बटणांकडे बघत नसत, समोर मजकुराकडे बघत, आणि त्याच वेळी दूध उतू जातंय हेही त्यांना कळे.

त्या कीबोर्डवर बाईंचं एक काम चार महिने चाललं होतं. त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, आता चाळिशीला आलेला. मोठ्या सरकारी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. दृष्टी जन्मापासून नाही. अकरा वर्षं तो एकाच खुर्चीवर बसून 'थांबा, जोडून देतो' म्हणत होता, आणि आता कुठे त्याला सुपरवायझरच्या परीक्षेला बसायची परवानगी मिळाली होती. परीक्षा खात्याच्या नियमावलीवर. नियमावली दोनशे साठ पानांची, सतरा प्रकरणांची आणि फक्त छापील. ती कोणी टाइप करून दिली, तर त्याच्या कॉम्प्युटरला ती त्याला वाचून दाखवता येणार होती. हे त्याने बाईंना नुसतं सहज सांगितलं. बाईंनी त्याच्या खात्याच्या ग्रंथालयातून पुस्तक मागवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहिलं प्रकरण सुरू केलं. पुरं झाल्याशिवाय आणि दोनदा तपासल्याशिवाय मजकूर हातातून सोडायचा नाही, हा बाईंचा क्लासपासूनचा शिरस्ता होता.

तर ज्या कॉम्प्युटरवर हे काम चाललं होतं, त्याच कॉम्प्युटरवर निरीक्षकांची नजर गेली.

वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहत. खालीच, जिन्याशेजारी, त्यांचा दवाखाना. त्यांनी सांगितलं, "साहेब, कॉम्प्युटरवरचं विंडोज काढा आणि लिनक्स टाका. माझ्याकडे सहा वर्षं आहे. कुणाला चोरून सांगत नाही, मध्येच थांबून अपडेट करत बसत नाही. फक्त थोडं वाचावं लागतं." दंतवैद्यांचं हे 'थोडं' म्हणजे दाढ काढताना म्हणतात ते थोडं. निरीक्षकांनी दोनशेपानी वही आणली, समास आखले आणि तीन आठवडे वाचन केलं. मग एका सकाळी त्यांनी लिनक्स बसवलं, आणि प्रिंटर बंद पडला. प्रिंटर चालू केला तर आवाज गेला. आवाज आला तेव्हा वायफाय गेलं. पण निरीक्षक हटणारे नव्हते. एकेक अडचण ते वहीत लिहीत, तिच्यापुढे तारीख घालत आणि सुटली की लाल शाईने बरोबरची खूण करत. जगभरची माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे सगळं लिहितात आणि खुशाल लोकांना देऊन टाकतात, या गोष्टीने तर ते इतके भारावले की एकदा वायफाय चालू झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरला चक्क नमस्कार केला.

गुप्ततेचाही त्रास काही कमी नव्हता. नवा ब्राउझर असा कडक, की तो निरीक्षकांची ओळख कोणालाच पटू देईना. विजेच्या बिलाचं पान उघडायचं तरी समोरून विचारणा व्हायची, तुम्ही माणूस आहात का? असाल तर सिग्नलचे दिवे असलेले चौकोन निवडा. आता सिग्नलचा खांब हा सिग्नलमध्ये धरायचा की नाही? साध्या माणसाने अंदाजाने बोट ठेवलं असतं. निरीक्षकांनी खांब हा दिव्याचा अविभाज्य भाग आहे असं ठरवलं, सात चौकोन निवडले, आणि त्यांना माणसांतून बाद करण्यात आलं. त्यांनी त्यावर लेखी हरकत पाठवली. हरकत पाठवण्याआधीही तेच विचारलं गेलं, या खेपेला पादचारी पट्ट्यांबद्दल.

पण या सगळ्यातलं शिखर म्हणजे कुलूप. लिनक्स बसवताना मशीन विचारतं, सगळ्या डिस्कला कुलूप घालू का? निरीक्षकांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. कुलपाला एक लांब वाक्य द्यायचं, आणि मशीन चालू करताना दर वेळी ते टाइप करायचं. वाक्य दिसत नाही, नुसते ठिपके उमटतात. निरीक्षकांनी मराठी वाक्य ठरवलं, कारण जगातल्या किती चोरांना मराठी येतं? स्टिकर बघत बघत, एका बोटाने, त्यांनी चाळीसेक ठिपके उमटवले आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा टाइप केलं. दोन्ही जुळली.

"काय वाक्य आहे?" बाईंनी विचारलं.

"ते सांगायचं नसतं."

"मलाही?"

"तत्त्व म्हणजे तत्त्व. खात्याचा शिक्का मी कधी वरच्या साहेबांच्या हातीसुद्धा दिला नाही."

तेव्हापासून रोज सकाळी एक कार्यक्रम सुरू झाला. निरीक्षक कॉम्प्युटरसमोर बसत आणि खाकरत. बाई हातातलं काम ठेवून गॅलरीत जात. आत एका बोटाची टकटक चाले. बाई गॅलरीत उगाच उभं कशाला राहायचं म्हणून झाडांना पाणी घालत, आणि दोन आठवड्यांत त्यातली दोन झाडं पाणी जास्त झाल्याने गेली. बाईंच्या मनाला हे लागलं होतं. पण त्या मूग गिळून पंधराव्या प्रकरणाला लागल्या.

मग सतरावं प्रकरण संपलं. निरीक्षकांनी पाठ थोपटण्याच्या सुरात विचारलं, याची दुसरी प्रत कुठे आहे? बाई म्हणाल्या, पेन ड्राइव्हवर. निरीक्षकांच्या कपाळावर आठी पडली. दोन प्रती म्हणजे चोरीला दोन दारं. कुलपातली प्रत उघडून, शेवटपर्यंत बघून, ठीक असल्याची खात्री करून घेऊन त्यांनी बाईंना न सांगता पेन ड्राइव्हवरची प्रत पुसली. एकदा नव्हे, तीनदा, वहीतल्या सूचनेप्रमाणे. वहीत लाल खूण केली. आता फक्त बाईंचं शेवटचं तपासणं राहिलं होतं, आणि परीक्षेला वीस दिवस होते.

त्याच दिवशी दुपारी, बाई बाहेर गेलेल्या असताना, निरीक्षकांना कीबोर्डमध्ये धूळ दिसली.

त्यांनी ब्रश घेतला, ओला कपडा घेतला. पुसता पुसता सहज म्हणून त्यांनी वहीत चिकटवलेला मराठी कीबोर्डचा तक्ता समोर धरला, आणि एकतीस वर्षांची नोकरी त्यांच्या डोळ्यांत जागी झाली. स्टिकर चुकीचे होते! एक नाही, दोन नाही, चांगले दहा. 'त'च्या जागी 'च', 'म'च्या जागी 'न', अशा पाच जोड्या अदलाबदल झालेल्या. खोटं वजन सापडल्यावर होई तसा आनंद त्यांना झाला. त्यांनी नखाने हळूच दहाही स्टिकर सोडवले, नवा गोंद लावला आणि तक्त्याप्रमाणे बरोबर जागी बसवले. संध्याकाळी बाईंना सांगायचं नाही, त्यांचं त्यांनाच कळू दे, असंही ठरवलं.

वाचणाऱ्याच्या आता लक्षात आलंच असेल. निरीक्षकांच्या यायला पंधरा दिवस लागले. कारण त्यांच्या मते त्यांनी एक चूक दुरुस्त केली होती, आणि चूक दुरुस्त केल्याने काही बिघडतं, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गॅलरीत गेल्या. टकटक झाली. थांबली. पुन्हा झाली. बाईंनी तिसऱ्या झाडाला पाणी घातलं. आतून आवाज आला, "अगं, जरा आत ये."

वाक्य चुकीचं आहे, असं मशीन म्हणत होतं. निरीक्षकांनी ते सावकाश टाइप केलं, चष्मा पुसून टाइप केलं, एकेक अक्षर पुटपुटत टाइप केलं. अकरा वाजेपर्यंत ही बातमी जिन्याने वरखाली झाली आणि माणसं यायला लागली.

"होतं असं," सोसायटीचे सेक्रेटरी मायेने म्हणाले. "वय झालं की पहिल्यांदा पासवर्डच जातात."

"मी विसरलेलो नाही! वाक्य मला तोंडपाठ आहे."

"तेच तर. विसरणाऱ्याला तसंच वाटतं."

दंतवैद्यांनी खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात विचारलं, आज वार कोणता? निरीक्षकांनी वार सांगितला, तारीख सांगितली आणि दंतवैद्यांच्या दवाखान्यातला वजनकाटा तीन वर्षं तपासलेला नाही हेही सांगितलं. पण लोकांना धीर द्यायचा होता, आणि लोक धीर स्वतःच्या उदाहरणाने देतात. सेक्रेटरी म्हणाले, एवढं कठीण ठेवूच नये, माझा बघा, फ्लॅटचा नंबर आणि मुलीचं लाडकं नाव. तळमजल्याच्या वहिनी म्हणाल्या, आमच्या ह्यांचा तर एक ते आठ आकडे सरळ. दंतवैद्यांनी बत्तीसपासून सुरू होणारा काहीतरी सांगितला. संध्याकाळपर्यंत सबंध इमारतीचे पासवर्ड निरीक्षकांकडे जमा झाले होते, आणि एवढ्या गुप्त गोष्टी डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाला स्वतःचं घर उघडत नव्हतं. ते सगळे आता विसरणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्यांना वाटलं, पण एकही विसरता येईना. मग आपली स्मरणशक्ती गेली म्हणतात ती कुठली?

बाईंनी एवढंच विचारलं, "माझी दोनशे साठ पानं?"

निरीक्षकांनी पेन ड्राइव्हचं सांगितलं. तीनदा पुसल्याचंही सांगितलं, कारण खोटं बोलणं त्यांना जमत नसे. बाईंनी नियमावलीचं पुस्तक उचललं, चष्म्याची पेटी घेतली आणि त्या जिना उतरून दवाखान्यात गेल्या.

तिथून पुढचे दोन आठवडे ज्यांना दाताचं काही काम निघालं, ते भाग्यवान म्हणायचे. कारण दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, नाव नोंदवायच्या टेबलावर, बाई नियमावली पुन्हा पहिल्या पानापासून टाइप करत बसल्या होत्या. तिथल्या कीबोर्डवर मराठी स्टिकर नव्हतेच, आणि ही गोष्ट बाईंच्या लक्षातसुद्धा आली नाही. आत दंतवैद्यांचं यंत्र किंचाळे, बाहेर बाईंची बोटं एकसारखी चालत. एक पेशंट म्हणाला, तो आवाज ऐकत बसलं की आपली पाळी येऊच नये असं वाटतं. बाईंनी आपला शिरस्ताही मोडला. पूर्ण होईपर्यंत थांबल्या नाहीत, जेवढी प्रकरणं झाली तेवढी एक दिवसाआड ऑपरेटरला पोचवू लागल्या. त्याला काही वेगळं घडलंय याचा पत्ता नव्हता. तो फोनवर म्हणाला, "बाई, हे हप्त्याहप्त्याने देताय ते फार बरं झालं."

इकडे निरीक्षक कुलपाशी झुंजत होते. ते कॉम्प्युटर घेऊन दुरुस्ती केंद्रात गेले. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. त्यात मोबाइल नंबर, जन्मतारीख, घरातल्या माणसांची संख्या आणि 'मशीनचा पासवर्ड' असे रकाने होते.

"पासवर्ड लागत असता तर मी आलो असतो का?" निरीक्षक म्हणाले.

"सर, रकाना भरल्याशिवाय टोकन निघत नाही."

"मी मोबाइल नंबर कोणाला देत नाही."

"मग टोकन तुम्हाला कळणार कसं, सर? मेसेज येतो."

निरीक्षकांनी फॉर्मच्या पाठीमागे, हा फॉर्म अवाजवी आहे, असं सहा मुद्द्यांत लिहून सही केली आणि मशीन काखेत मारून परत आले. मग त्यांनी लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर, बाईंच्या फोनवरून, रीतसर अर्ज घातला. पेंग्विनचं चित्र लावलेल्या कोणा अनोळखी माणसाने वीस मिनिटांत उत्तर दिलं. त्याने अतिशय सभ्यपणे चार शक्यता तपासायला सांगितल्या, त्या तपासून झाल्यावर आणखी तीन सांगितल्या, आणि शेवटी लिहिलं, की तुमची माहिती अगदी सुरक्षित आहे. तुमच्यापासूनसुद्धा. या कुलपाला मागचं दार नाही, आणि ते नसणं हेच त्याचं काम आहे. तेव्हा वाईट वाटलं तरी अभिनंदन.

निरीक्षकांनी ते तीनदा वाचलं. एकतीस वर्षं ते असाच एक काटा शोधत होते, जो ओळखीला भुलत नाही, साहेबाला घाबरत नाही आणि खुद्द मालकालाही सूट देत नाही. तो त्यांना सापडला होता. अर्धं मिनिट त्यांची छाती अभिमानाने भरून आली. मग खालून दवाखान्यातून टाइप करण्याचा आवाज आला आणि ती रिकामी झाली. त्यांना आता मनातून भीती वाटत होती. वाक्य खरंच तेच आहे ना? की लोक म्हणतात ते बरोबर आहे? रोज सकाळी गुपचूप ते कागदावर वाक्य लिहून बघत आणि कागदाचे बारीक तुकडे करत.

परीक्षेला पाच दिवस उरले तेव्हा बाईंची चौदा प्रकरणं झाली होती. बाई ती पोचवायला गेल्या, पुस्तक घरी टेबलावर ठेवून. आणि नेमका तेव्हाच ऑपरेटरच्या खात्यातला शिपाई दारात आला. ग्रंथालयाची चिठ्ठी घेऊन. पुस्तकाची मुदत संपली आहे, सबब ते परत करावे.

आता दुसरा कोणी असता तर त्याने बाई येईपर्यंत शिपायाला पाणी दिलं असतं, खुर्ची दिली असती, गोष्टी सांगितल्या असत्या. पण चिठ्ठीवर जावक क्रमांक होता, तारीख होती, आणि शिक्का इतका स्वच्छ, गोल, जागच्या जागी उमटला होता, की तसा शिक्का निरीक्षकांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी पुस्तक दिलं. वर पोचपावती मागून घेतली.

"दिलंत?" बाईंनी दारातच विचारलं.

"शिक्का बरोबर होता गं," निरीक्षक म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

बाईंनी ग्रंथालयात फोन केला. पुस्तक बांधणीला गेलं होतं, पानं सुटी करून झाली होती, महिनाभर येणार नव्हतं. दुसरी प्रत मोठ्या साहेबांच्या कपाटात होती, साहेब रजेवर, किल्ली साहेबांच्या खिशात. "आणि तेच पुस्तक त्याच माणसाला तीस दिवसांच्या आत पुन्हा मिळत नाही," पलीकडचा माणूस म्हणाला.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "नियम एकशे बारा, पोटनियम तीन. दोनदा टाइप केलाय मी."

म्हणजे पंधरा, सोळा आणि सतरा ही प्रकरणं आता फक्त त्या कुलपात होती. आणि ऑपरेटर म्हणत होता, जुन्या पेपरांत निम्मे प्रश्न शेवटच्या तीन प्रकरणांवरच असतात. 

त्याला खरं सांगायलाच हवं होतं. बाईंनी त्याला बोलावून घेतलं. तो ड्यूटी संपल्यावर आला, काठी दाराशी टेकवली, सगळं नीट ऐकून घेतलं. रागावला नाही. चौदा प्रकरणं पाठ करून बसलेला माणूस तो. निरीक्षकांना त्याच्याकडे बघवेना. ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी तुमच्या खात्याला लेखी देतो." याने काय होणार होतं कोणास ठाऊक, पण त्यांच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं.

"सर, कीबोर्ड बघू?" ऑपरेटर म्हणाला.

निरीक्षकांनी त्याच्यासमोर ठेवला. त्याने दोन्ही हात बटणांवर ठेवले आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बाई, हा आपल्या क्लासमधलाच ना, खिडकीजवळचा? याच्यावरच मी शिकलो." बोटं फिरवता फिरवता तो थांबला. "पण स्टिकर कोणी काढून परत लावलेत का? पूर्वी यांचे कोपरे उचललेले असायचे. हे काही अगदी चापून बसलेत. सगळे नाही, आठ-दहा."

बाईंनी चष्मा लावला आणि वाकून कीबोर्डकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंना बटणांकडे बघताना निरीक्षक पहिल्यांदाच पाहत होते.

"हे कोणी बदललं?"

"मी," निरीक्षक म्हणाले. "दहा चुकीच्या जागी होते. तुला न सांगता दुरुस्त केले, म्हटलं..."

"अहो, ते चुकलेले नव्हते! मी मुद्दाम चुकीचे लावले होते."

"मुद्दाम?"

"पोरं बोटांनी शिकायच्या ऐवजी बघून बघून मारायची. म्हणून सगळ्या कीबोर्डवर मी पाच जोड्या उलट्या चिकटवून ठेवल्या होत्या. ज्याच्या कागदावर 'त'च्या जागी 'च' आला, त्याने बघून मारलं. लगेच कळायचं."

"मला काही त्याचा त्रास झाला नाही," ऑपरेटर म्हणाला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या निरीक्षकांकडे बघत होत्या. "तुम्ही वाक्य स्टिकर बघून टाइप करत होता ना? रोज?"

"एका बोटाने."

"म्हणजे तेव्हा बोट भलत्याच बटणांवर पडत होतं, आणि मशीनने तेच खरं धरलं. आता तुम्ही बरोबर बटणांवर मारताय, म्हणून ते नाही म्हणतंय."

निरीक्षकांना हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते खुर्चीत बसले. "म्हणजे मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही हो. एक अक्षर विसरला नव्हता."

निरीक्षकांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. पंधरा दिवस सगळ्यांचा धीर पचवून ते थकले होते.

"चला," बाई खुर्ची ओढून बसल्या. "पाचही जोड्या मला पाठ आहेत. तुम्ही वाक्य सांगा, मी जुन्या जागी मारते."

निरीक्षक चष्मा पुसू लागले.

"सांगा ना."

"स्टिकर पुन्हा उलटे लावू. मग मीच मारतो."

"सोडवताना फाटतील, मग बसा अंदाज करत. याची परीक्षा सोमवारी आहे."

"मी हेडफोन लावतो," ऑपरेटर समजुतीने म्हणाला, आणि त्याने ते लावलेही. त्यांची वायर त्याच्या हातात लोंबत होती, कशालाही न जोडलेली, पण निरीक्षकांनी तेवढ्यावर समाधान मानलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वजनमापे खात्यात काटा तपासून निर्दोष निघाला, तर निरीक्षक त्याच्या कागदावर एक ठरलेलं वाक्य लिहीत. काटा तपासला, काही कमी आढळले नाही. एकतीस वर्षांत हे वाक्य लिहायचे प्रसंग त्यांच्यावर फार थोडे आले होते.

"बाई तपासल्या," निरीक्षक खिडकीला म्हणाले. "काही कमी आढळले नाही."

मागून टाइप करण्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. बराच वेळ आला नाही. मग आला, एका दमात, थांबेपर्यंत सात-आठ सेकंद. मशीन क्षणभर विचारात पडलं आणि उघडलं.

पंधरा, सोळा, सतरा, तिन्ही प्रकरणं होती तिथेच होती. बाईंनी ती पेन ड्राइव्हवर घेतली, दोन प्रती केल्या, आणि निरीक्षकांनी त्यावर ब्रही काढला नाही. ऑपरेटरने हेडफोन काढले, पेन ड्राइव्ह वरच्या खिशात नीट ठेवला. सोमवारी त्याने पेपर दिला, आणि दोन महिन्यांनी तो सुपरवायझर झाला हेही इथेच सांगून टाकतो. त्या दिवशी मात्र जाताना दारात तो फक्त म्हणाला, "सर, वाक्य चांगलं आहे," आणि काठी टेकत जिना उतरला.

निरीक्षकांचे कान तापले होते. त्यांनी वही काढली, अडचणीपुढे लाल खूण करायला पेन शोधू लागले.

"आता परत एकदा म्हणा," बाई म्हणाल्या.

"कशाला? उघडलं की."

"मशीनला कळलं हो. मी तेव्हा बटणं शोधत होते, मला नीट ऐकू आलं नाही."

निरीक्षकांनी वही मिटली, घसा साफ केला, आणि या खेपेला बाईंकडे तोंड करून म्हटलं.